पालापाचोळा संकलन (कुरखेडा परिसर)

पालापाचोळा संकलन म्हणजे पानगळीच्या हंगामात अंगणे, रस्ते व बागा यांतील गळलेली पाने, छाटलेल्या फांद्या आणि वाळलेले गवत इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची नागरी व्यवस्था होय. अमेरिका व कॅनडातील अनेक शहरांत ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चालते; रहिवासी पाने कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा हे सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. येथील पानझडी वनांच्या प्रदेशात पानगळ शिशिरात सुरू होते. साग आणि पळस आधी उघडे पडतात. कडुनिंब, मोह व पिंपळ यांची पाने फाल्गुन-चैत्रापर्यंत गळत राहतात. म्हणजे पाचोळा सर्वाधिक साचतो तो नेमका उन्हे तापू लागण्याच्या वेळी.

जाळण्याची प्रथा व तिचे धोके

अंगण झाडून ढीग पेटवून देणे ही जुनी सवय आहे. खालचा ओलसर पाला जळण्यापेक्षा धुमसतो अधिक, आणि त्याचा धूर दमेकऱ्यांना व लहान मुलांना बाधतो. वनालगतच्या वस्तीत याहून मोठा धोका ठिणगीचा. महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तीही आग अनेकदा वनात पसरते. पाला झाडून बाजूला सारणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. जाळीवर पडलेले फूल मातीने माखत नाही, हा वेचणाऱ्याचा लाभ वेगळाच.

कायदेशीर तरतुदी

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार बागेतील कचरा रहिवाशाने आपल्या आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावयाची असे. रस्त्यावर वा सार्वजनिक जागी तो जाळण्यास मनाई आहे. उद्यानांतील पाला वेगळा उचलून शक्यतो तेथेच त्यावर प्रक्रिया करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. तथापि दंडाच्या भीतीपेक्षा घंटागाडीची ठरलेली वेळ अधिक उपयोगी पडते. गाडी आली नाही की काडी ओढली जाते.

खतनिर्मिती

पाचोळा प्लॅस्टिकमध्ये मिसळला की तो कचरा होतो. वेगळा राहिला तर खत होतो. कोरड्या पानांत कर्ब फार व नत्र थोडे असते, म्हणून नुसता ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. शेण, हिरवे गवत वा भाजीपाल्याचे अवशेष मिसळून ओल टिकवल्यास कुजण्यास वेग येतो. सागाची रुंद, चिवट पाने आधी चुरून घ्यावी लागतात.

विदर्भातच घडलेली नाडेप पद्धत येथे सोयीची आहे. पुसद (जि. यवतमाळ) येथील ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावावरून तिला हे नाव पडले. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. पाला, शेणाचा काला आणि चाळलेली माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपतात. सुमारे १०० किलो शेणात जवळपास दीड टन पाला मुरतो. गुरे कमी असलेल्या घरांना ही पद्धत परवडते ती यामुळेच. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. फाल्गुनात भरलेले टाके त्यामुळे धानाच्या पेरणीच्या सुमारास रिकामे करता येते.

संकलनाची मर्यादा

हे संकलन वस्तीपुरतेच असावे. वनातील पाचोळा जमिनीची धूप रोखतो, ओल धरतो व कुजून झाडांनाच परत मिळतो. तो खतासाठी गाड्या भरून आणल्यास वनजमीन निकस होते.