दाते की साधी धार?

काशीद म्हटलं की बहुतेकांना आठवते ती पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि शनिवार-रविवारची मुंबई-पुण्याची गर्दी. पण रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलात की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला फणसाडचं जंगल आणि या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातखाचरं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. आज लिहायचंय ते या पट्टीत रोज वापरल्या जाणाऱ्या हत्यारांबद्दल, आणि नेमकं सांगायचं तर त्यांच्या धारेबद्दल.

आता सॉफ्टवेअरवाल्याला हे कुठून सुचलं? तर आमच्या ट्रेकवाल्या मंडळींत खिशातल्या घडीच्या चाकूवरून एक वाद हमखास होतो. पातं साध्या धारेचं घ्यावं, करवतीसारखे दाते असलेलं घ्यावं, की अर्धं-अर्धं? टॅब की स्पेस या वादाइतकाच हाही वाद हिरिरीने लढला जातो आणि तितकाच अनिर्णित राहतो. गंमत म्हणजे हा वाद चाकूंच्या कंपन्यांनी सुरू केलेला नाही. तो शेतीइतका जुना आहे.

आधी थोडं इंजिनिअरिंग. साधी धार एका रेषेत टेकते, त्यामुळे आपण लावलेला जोर त्या सगळ्या रेषेवर वाटला जातो. दाते असले की तोच जोर मोजक्या टोकांवर येतो, टोकं आत घुसतात आणि ओढलं की मधल्या खाचा पुढचं काम करतात. शिवाय झिजतात ती आधी टोकं. खाचांमधली धार आत दडलेली असते, ती बरेच दिवस टिकते. म्हणून पाव, दोरखंड, गवताची चिवट ताटं, म्हणजे जे जे धारेखालून सटकतं किंवा दबतं, तिथे दाते सरस. उलट फळाची साल काढायची, लाकूड तासायचं, मासळीची तुकडी स्वच्छ पाडायची, तर साधी धार हवी. दाते तिथे कापत नाहीत, फाडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधी धार कुठल्याही दगडावर घासून परत आणता येते. दाते एकदा गेले की कानस घेऊन प्रत्येक खाच वेगळी घासत बसा!

आता इतिहासाकडे. पश्चिम आशियात नतुफियन लोकांनी बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी हाडाच्या किंवा लाकडाच्या खाचेत गारेची छोटी पाती ओळीने बसवून विळे केले. त्यांतली बरीच पाती साध्या धारेची होती. गवत आणि धान्याची ताटं कापून कापून त्यांवर चढलेली चकाकी आजही दिसते, आणि त्यावरूनच ती विळ्याची पाती म्हणून ओळखली जातात. पुढे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, त्याच प्रदेशातल्या यार्मुकियन संस्कृतीत पात्यांना मुद्दाम टोकरून खोल दाते काढलेले आढळतात.

आपल्याकडेही दगडी पात्यांची परंपरा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. तांबं माहीत होतं, पण ते दुर्मीळ. त्यामुळे रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनी दगडाची बारीक, समांतर कडांची पाती. अशा पात्यांची जोड-हत्यारं हा प्रकार मला फार आवडतो. एक पातं तुटलं तर तेवढंच काढायचं आणि नवं बसवायचं, अख्खं हत्यार टाकायचं नाही. मॉड्युलर डिझाइन म्हणतात ते हेच की!

मग लोखंड आलं आणि पारडं फिरलं. लोखंडाचं पातं दगडावर घासलं की परत नवं. ते चेचून, तापवून, ठोकून पुन्हा घडवता येतं. त्यामुळे साध्या धारेची मुख्य अडचण, म्हणजे लवकर बोथट होणं, फारशी अडचण राहिली नाही, कारण गावात लोहार होता. देशावरच्या बलुत्याच्या पद्धतीत लोहाराने वर्षभर शेतीची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याच्या रूपात मोबदला घ्यायचा, असा हिशेब असे. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट.

इथे शब्दाची एक गंमत सांगतो. विळ्याला संस्कृतात दात्र म्हणतात आणि हिंदीतली दराँती तिथूनच आली. ऐकल्यावर वाटतं की दात असलेलं ते दात्र. पण तसं नाही. दात्र हा शब्द कापणे या अर्थाच्या धातूवरून आलाय. कापणीसाठी पूर्वेकडचे लोक क्रियापद वापरतात आणि उत्तरेकडचे दात्र हे नाम, अशी नोंद यास्काने निरुक्तात करून ठेवली आहे. म्हणजे शब्दात दात ऐकू आले तरी विळ्याला दाते होतेच असं त्यावरून सिद्ध होत नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदत होते आणि त्यांना नावंही वेगळी होती. दातेरी तो सिकल, साध्या धारेचा तो रीपिंग हुक. सिकलने मूठभर ताटं धरून करवतायची. काम सावकाश, पण ताटाला हिसका कमी आणि दाणे कमी गळणार. हुकने मात्र सपासप मारत जायचं. काम भराभर, पण जोर आणि दाण्यांची गळ दोन्ही जास्त. सिकल बायका आणि पुरुष दोघेही चालवत. लांब दांड्याचं जड साइथ गव्हाच्या कापणीलाही आलं, तेव्हा कापायचं काम मुख्यतः पुरुषांकडे गेलं आणि बायकांकडे पेंढ्या बांधणं आणि गोळा करणं उरलं. धारेचा आकार बदलला की कोण काय काम करणार तेही बदलतं, हे लक्षात ठेवण्यासारखं.

आता पुन्हा कोकणात येऊ. भाताच्या ताटात सिलिका भरपूर असते. म्हणजे शेतकरी एका अर्थाने बारीक वाळूच कापत असतो, आणि साधी धार दिवसभरात उतरते. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात पिकून उभं आणि वर परतीचा पाऊस. कापणी चार दिवस लांबली तर लोंब्या आडव्या. अशा वेळी दर थोड्या वेळाने थांबून विळा घासत बसणं महागात पडतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा (स्थापना १९७२) दातेरी 'वैभव' विळा हे त्यावरचं उत्तर. भाताची कापणी वैभव विळ्याने अगदी जमिनीलगत करा, अशी शिफारस केली जाते. त्याने पेंढा लांब मिळतो हा एक फायदा. पण खरी मेख वेगळीच आहे. खोडकिडीच्या अळ्या कापणीनंतर धसकटात दडून राहतात. धसकट जितकं आखूड, तितकी त्यांची राहायची जागा कमी. जमिनीला टेकून, हिसका न देता मूठ ओढत कापायला दाते सोयीचे. म्हणजे धारेवरच्या खाचांचा संबंध थेट पुढच्या वर्षीच्या पिकाशी! आणि तासन् तास वाकून कापणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या मनगटाला मारावा लागणारा हिसका कमी झाला, ही काही छोटी गोष्ट नाही.

मग तोटा काय? तोटा असा की साधा विळा शेताच्या बांधावरच्या दगडावर कुणीही पाजवू शकतो. दातेरी विळ्याचे दाते गेले की कानस आणि सराव हवा, नाहीतर नवा विकत घ्या. दुरुस्तीचं काम लोहाराच्या भात्याकडून कारखान्याकडे गेलं. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज सुटका, हिशेब नंतर.

खिशातल्या चाकूचं तेच झालं. नायलॉन १९३८ साली जगासमोर आलं आणि पुढे काथ्या आणि सुताच्या दोरांची जागा नायलॉनने घेतली. ओला नायलॉनचा दोर साध्या, जराशा उतरलेल्या धारेखालून सटकतो. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८२ साली पूर्ण दातेरी पात्याचा घडीचा चाकू काढला, त्याचं नाव 'मरिनर', म्हणजे दर्यावर्दी. नाव उगाच नाही. स्विस सैन्याच्या चाकूचं पातं १८९०पासून साधं होतं, त्यालाही २००८च्या नमुन्यात काही भागात दाते आले.

हा अर्धा-अर्धा प्रकार मला मात्र पटत नाही. तीन इंचांच्या पात्यात दोघांनाही पुरेशी जागा मिळत नाही. आपल्या विळीने हा प्रश्न कितीतरी नीट सोडवलाय. भाजी-मासळीला साध्या धारेचं लांब पातं आणि नारळाला त्याच पात्याच्या टोकावरची दातेरी खवणी. दोघांची कामं वेगळी, जागा वेगळ्या, कुणी कुणाची जागा खात नाही. पाट पायाखाली, दोन्ही हात मोकळे. पात्याला धार लावायची, खवणीला क्वचितच काही करावं लागतं.

थोडक्यात काय, दाते की साधी धार हा प्रश्न मुळात किती कापतं याचा नाहीच. धार कोण लावणार आणि कधी, याचा आहे. हाताशी दगड आणि पाच मिनिटं असतील तर साधं पातं घ्या, ते आयुष्यभर साथ देईल. चाकू सहा महिने सॅकच्या तळाशी पडून राहणार आणि एके दिवशी अचानक दोर कापायची वेळ येणार, तर दातेरी घ्या. आणि दोन्ही कामं रोज पडत असतील तर सरळ दोन पाती बाळगा.