ओव्हनशिवाय चॉकलेट आणि पीनट बटर

भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि गूळ एकत्र मळून वळलेला लाडू मराठी घरांना नवा नाही. उपवासाच्या दिवशी, मुलांच्या मधल्या सुटीच्या डब्यात किंवा प्रवासाच्या शिदोरीत त्याचे स्थान जुने आहे. या लाडवाला ओव्हन लागत नाही. लागतात ते नीट भाजलेले दाणे आणि सवयीचा हात. अमेरिकेतील घरांमध्ये चॉकलेट आणि पीनट बटर यांपासून केले जाणारे ‘नो-बेक’ पदार्थ नेमके याच जातीचे आहेत. आज शहरांतील दुकानांत पीनट बटर, कोको पावडर आणि डार्क चॉकलेट सहज मिळत असल्याने हे पदार्थ येथील स्वयंपाकघरांतही होऊ लागले आहेत. ते सोपे आहेत, हे खरे; मात्र त्यांचे दोन-तीन नियम पाळले नाहीत, तर चॉकलेट दगडासारखे घट्ट होते किंवा वडी हातातच विरघळते.

दोन अमेरिकी पिकांची भेट

भुईमूग आणि कोको ही दोन्ही झाडे मूळची दक्षिण अमेरिकेतील. शेंगदाणे दळून त्यांचा लोण्यासारखा लगदा करण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १८८४ मध्ये कॅनडातील मार्सेलस गिलमोर एडसन यांना मिळाले. त्यानंतर १८९५ मध्ये मिशिगनमधील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पीनट बटरचा शोध जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. शेंगदाण्याच्या १०५ पाककृती देणारी कार्व्हर यांची पुस्तिका १९१६ ची. तोवर पीनट बटर अमेरिकेच्या बाजारात रुळले होते. दक्षिणेकडील शेतकऱ्यांना कापसाच्या जोडीला भुईमूग लावण्यास प्रवृत्त करणे, हे कार्व्हर यांचे खरे कार्य होय.

पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे हॅरी बर्नेट रीस यांनी १९२८ मध्ये चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकण्यास सुरुवात केली आणि ही जोडी लोकप्रिय झाली. १९६३ मध्ये त्यांच्या वारसांनी हा उद्योग हर्शी कंपनीकडे सोपवला. घरगुती पदार्थांत ओहायो राज्यातील ‘बकआय’ विशेष प्रसिद्ध आहे. बकआय हा ओहायोचा राज्यवृक्ष. १९५३ मध्ये त्याला हा मान मिळाला. त्याचे तपकिरी बी व त्यावरील फिकट ठिपका हरणाच्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पीनट बटरची गोळी चॉकलेटमध्ये बुडवताना वरचा थोडा भाग मोकळा ठेवला, की ती हुबेहूब त्या बीसारखी दिसते. गंमत अशी, की मूळचे बी विषारी असते. खाण्याजोगी आहे ती केवळ त्याची ही नक्कल.

घरचे पीनट बटर

विकतचे पीनट बटर चालते; पण घरचे करणे अवघड नाही. २५० ग्रॅम शेंगदाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा कडू दाणे काढून टाकावेत. ही निवड केवळ चवीसाठी नाही. दमट हवेत साठवलेल्या दाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगपेंड खाऊन हजारो टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा छडा लागला. घरी भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे शंका येईल तो दाणा टाकून देणे, हाच उपाय.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे दाणे भाजावेत. साल तडकू लागली आणि आतील दाणा फिकट बदामी झाला, की आच बंद करावी. कढईच्या उष्णतेने ते पुढेही थोडे भाजले जातात. कोमट झाल्यावर साले चोळून पाखडावीत. मग मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवावेत. आधी कूट होते, नंतर त्याचा गोळा भांड्याच्या कडेला चिकटतो. येथे अनेकजण पदार्थ बिघडला असे समजून पाणी घालतात. ते कटाक्षाने टाळावे. दाण्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. कडा खरवडून पुन्हा फिरवत राहिल्यास ते तेल सुटते आणि पाच-सात मिनिटांत गुळगुळीत लोणी तयार होते. शेवटी चिमूटभर मीठ घालावे. पाण्याचा अंश नसल्यानेच पीनट बटर टिकते. ओला चमचा घातला, की ते लवकर खराब होते.

चॉकलेट वितळवताना

या पदार्थांचे यश चॉकलेटच्या हाताळणीवर अवलंबून असते. चॉकलेटचा पहिला शत्रू पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले, तरी त्यातील साखर ओली होऊन एकमेकींना चिकटते आणि सारे मिश्रण खरबरीत, घट्ट होते. म्हणून भांडे व चमचा कोरडे असावेत. मंद वाफाळणाऱ्या पाण्यावर दुसरे भांडे असे ठेवावे, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. मायक्रोवेव्ह वापरल्यास वीस-तीस सेकंदांनी थांबवून प्रत्येक वेळी ढवळावे.

दुसरा प्रश्न चकाकीचा. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवे रूप सुमारे ३३ ते ३४ अंश सेल्सियसला वितळते. चकाकी, तुकडा मोडतानाचा ‘टक्’ आवाज आणि जिभेवर विरघळणे हे त्याचेच गुण. ते मिळवण्याची घरगुती पद्धत अशी : दोन तृतीयांश डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवावे, उरलेले एक तृतीयांश किसून त्यात घालावे आणि तापमान ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळावे. दुधाच्या चॉकलेटसाठी ते ३० अंशांच्या आसपास असावे. थर्मामीटर नसेल, तर थेंब ओठाखाली लावून पाहावा. तो किंचित थंड लागला पाहिजे. इतका खटाटोप नको असल्यास कंपाउंड चॉकलेट मिळते. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ते सहज गोठते. पण चव मेणचट लागते. पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच ते घ्यावे.

पहिला प्रकार : बकआय

साहित्य : पीनट बटर २५० ग्रॅम, मऊ लोणी ५० ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध पावडर ३० ते ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स, डार्क चॉकलेट २०० ग्रॅम.

कृती : लोणी व पीनट बटर एकजीव करून त्यात साखर, मीठ व इसेन्स घालावे. घरचे पीनट बटर विकतच्यापेक्षा पातळ असते, म्हणून मिश्रण वळता येईल इतपत दूध पावडर घालावी. सुपारीहून थोड्या मोठ्या, साधारण १५ ग्रॅमच्या तीसएक गोळ्या वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मग प्रत्येक गोळीला दातकोरणी टोचून ती चॉकलेटमध्ये बुडवावी; वर नाण्याएवढा भाग मोकळा ठेवावा. बटर पेपरवर ठेवून दातकोरणीचे छिद्र बोटाने बुजवावे. गोळ्या गोठून दगड होऊ देऊ नयेत. अति थंड गोळी नंतर प्रसरण पावते आणि वरचे कवच तडकते.

दुसरा प्रकार : दुपदरी वड्या

साहित्य : मारी बिस्किटांचा चुरा १५० ग्रॅम, वितळलेले लोणी ७५ ग्रॅम, पीनट बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, चॉकलेट १५० ग्रॅम.

कृती : चॉकलेट सोडून सर्व साहित्य कालवून २० सेंटिमीटरच्या चौकोनी ताटात, बटर पेपरवर वाटीच्या तळाने घट्ट दाबावे. त्यात एक चमचा पीनट बटर मिसळलेले चॉकलेट पसरावे; त्यामुळे वरचा थर कापताना तुटत नाही. थर अर्धवट गोठला, की सुरीने चार-चार सेंटिमीटरवर रेघा ओढाव्यात आणि पूर्ण गोठल्यावर वड्या सोडवाव्यात. पंचवीस वड्या होतात.

तिसरा प्रकार : ओट्सची बिस्किटे

साहित्य : साखर २०० ग्रॅम, दूध ६० मिलिलिटर, लोणी ५५ ग्रॅम, कोको पावडर दोन मोठे चमचे, पीनट बटर ६५ ग्रॅम, ओट्स १३५ ग्रॅम.

कृती : साखर, दूध, लोणी व कोको एकत्र उकळत ठेवावे. संपूर्ण पृष्ठभागावर उकळी फुटल्यापासून बरोबर एक मिनिट मोजावे. आच बंद करून पीनट बटर आणि ओट्स घालावेत व चमच्याने बटर पेपरवर थापावेत. येथे सारे गुपित पाकाचे आहे. उकळी कमी पडली, तर बिस्किटे चिकट राहतात. जास्त झाली, तर भुगा होतो. बेसनाच्या किंवा नारळाच्या वड्या ज्यांच्या हातच्या आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात, हवेत ओल असताना, उकळी दहा-पंधरा सेकंद अधिक द्यावी.

आच नसल्याची जबाबदारी

भट्टीत भाजण्याने पदार्थाला केवळ रंग येत नाही. त्यातील बरेचसे जंतूही मरतात. न भाजलेल्या पदार्थांत ही शेवटची चाळणी नसते. म्हणून प्रत्येक घटक आधीच शिजलेला किंवा भाजलेला हवा. मिश्रण घट्ट करण्यासाठी कच्चा मैदा किंवा कणीक घालण्याची पद्धत धोक्याची आहे. त्याऐवजी दूध पावडर, बिस्किटांचा चुरा किंवा भाजलेले पीठ वापरावे. हात, पाट्या, डबे स्वच्छ आणि कोरडे असावेत. ताज्या फळांचे तुकडे आत घातल्यास पाण्याचा अंश वाढतो आणि पदार्थ टिकत नाही.

मुंबई किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमानच चॉकलेटच्या वितळणबिंदूला भिडते. तेव्हा हे पदार्थ फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. तेथे ते दोन आठवडे चांगले राहतात. डबा बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. अन्यथा थंड चॉकलेटवर दव जमते, साखर विरघळते आणि ती वाळल्यावर पांढरे डाग उमटतात. डाग बुरशीचे नसतात; पण रूप जाते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ॲलर्जीची. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला अत्यल्प अंशही जिवावर बेतू शकतो. चॉकलेटच्या आवरणाखाली शेंगदाणा दिसत नाही, हाच येथील धोका. कूट घातलेली भाजी वासाने ओळखता येते, चॉकलेटची गोळी नाही. म्हणून शेजारी, कार्यालयात किंवा मुलांच्या वाढदिवशी वाटताना डब्यावर ‘यात शेंगदाणे, दूध आहे’ अशी चिठ्ठी लावावी. बिस्किटांच्या प्रकारात ‘गहू’ही लिहावे. परदेशी राहणाऱ्या नातवंडांकडे पाठवायचे असल्यास आधी विचारून घ्यावे. तेथील अनेक शाळांत शेंगदाण्याच्या पदार्थांना मज्जाव असतो. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

याचा अर्थ मुलांना शेंगदाण्यापासून दूर ठेवावे, असा मात्र नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील संशोधनात, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे मऊ पदार्थ देऊ केले असता पाचव्या वर्षापर्यंत ही ॲलर्जी होण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये; तो श्वासनलिकेत अडकतो.

एका बकआयमध्ये वरील प्रमाणाने साधारण १२० कॅलरी असतात. एक-दोन गोळ्यांनी समाधान मानणे शहाणपणाचे. दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली-शेवेशेजारी हे पाहुणे ठेवायला हरकत नाही. फक्त सोबत नावाची चिठ्ठी हवी. करण्याची मेहनत अर्ध्या तासाची, चिठ्ठीची अर्ध्या मिनिटाची. पण खाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरीचे मोल अधिक ठरू शकते.