वाटाघाटींच्या वाटेने : प्रस्तावना

इस्रायल-पॅलेस्टाईन प्रश्न आपल्याला बहुधा युद्धाच्या बातम्यांतून भेटतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात इस्रायलमधली सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार, ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. एवढ्या संहारानंतर वाटाघाटींचा अभ्यास कशाला, असे वाचकांना वाटले तर ते स्वाभाविकच आहे. पण उद्या कोणीही बोलणी करायला बसले, तरी त्यांना आधीच्या कागदांपासूनच सुरुवात करावी लागेल. म्हणून ते कागद समजून घेणे अगत्याचे आहे.

या अभ्यासात शिरण्यासाठी १९९३ सालचा ओस्लो करार हे सोयीचे दार आहे. नॉर्वेच्या मध्यस्थीने गुप्तपणे झालेली ही बोलणी सुरुवातीला याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक या दोन इस्रायली अभ्यासकांनी पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या अहमद कुरेई यांच्याशी केली. सरकारी अधिकारी पुढे आले ते नंतर. १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि मुक्ती संघटनेचे प्रमुख अराफात यांनी हस्तांदोलन केले. ते छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. वाचकांनी मात्र त्याआधी चार दिवस या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे काढून पाहावीत. अराफातांनी इस्रायल या राष्ट्राचा शांततेने व सुरक्षितपणे अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. राबिन यांच्या त्रोटक उत्तराने संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. पॅलेस्टिनी राष्ट्राचा त्यात उल्लेख नाही. पुढच्या तीस वर्षांतले कितीतरी वाद या तफावतीत दडलेले आहेत.

दुसरी गोष्ट कराराच्या पाचव्या कलमात दिसते. जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती, सुरक्षाव्यवस्था आणि सीमा हे कळीचे प्रश्न तिथे पुढे ढकलले आहेत. पाच वर्षांत विश्वास वाढेल आणि मग अवघड गाठी सुटतील, अशी ती कल्पना होती. घडले उलटेच. आत्मघाती हल्ले झाले, हेब्रॉनच्या मशिदीत हत्याकांड झाले, वसाहती वाढत राहिल्या, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांचाच खून केला. लांबणीवर टाकलेल्या प्रश्नांनी उभय बाजूंच्या विरोधकांना अवधी दिला.

तरीही यानंतरचा इतिहास निव्वळ अपयशांची यादी म्हणून वाचू नये, अशी माझी विनंती आहे. डिसेंबर २००० मधल्या अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रस्तावात पश्चिम किनाऱ्याचा (वेस्ट बँक) ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टिनी राष्ट्राला, शिवाय काही जमिनीची अदलाबदल, इथपर्यंत मांडणी पोहोचली होती. २००२ मध्ये अरब देशांनी बैरुतमध्ये व्यापलेल्या प्रदेशातून पूर्ण माघारीच्या बदल्यात इस्रायलला सामान्य संबंध देऊ केले. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांची बोलणी नकाशापर्यंत गेली. यांपैकी काहीही तडीस गेले नाही, पण तोडग्याचा आराखडा प्रत्येक खेपेला अधिक स्पष्ट होत गेला. कमी पडले ते राजकीय बळ आणि परस्परांवरचा भरवसा. हे दोन्ही घडवावे लागतात, आणि कसे घडवायचे हाच या क्षेत्राचा खरा विषय आहे.

तुम्ही नव्याने वाचायला घेत असाल, तर नकाशा शेजारी ठेवा. १९९५ च्या कराराने पश्चिम किनाऱ्याचे अ, ब आणि क असे भाग केले. अखेरीस सुमारे ६० टक्के जमीन ‘क’ भागात, म्हणजे पूर्णतः इस्रायली नियंत्रणाखाली राहिली. हे तुकडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सार्वभौमत्वाची चर्चा हवेतच राहते. एकाच बैठकीविषयी उभय बाजूंचे वृत्तान्त वाचा, आणि ते जुळले नाहीत तर गोंधळून जाऊ नका. कॅम्प डेव्हिडच्या २००० मधल्या शिखर परिषदेबद्दल तिथे हजर असलेल्यांचेही एकमत नाही.

या विषयात सहानुभूती बाजूला ठेवावी लागत नाही. ती दोन्हीकडे पुरवावी लागते. मराठी वाचकांना हे जमेल, याबद्दल मला शंका नाही. शांततेची शक्यता आज फार थोडी दिसते. पण ती नेमकी कुठे अडली आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच पुढच्या संधीची पारख करू शकेल. त्या पारखीसाठी तुमचे मनःपूर्वक स्वागत.