सात बहिणींचा तलाव



गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. डोंगर आणि दाट जंगल यांच्या मधोमध हा मोठा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवतालच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. तलाव बांधताना या बहिणींनी हात लावला, अशी लोककथा आहे. १९७५ मध्ये इथल्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. आता लोक इथे पक्षी बघायला येतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे हजारो लहानमोठे तलाव आहेत. बरेचसे उथळ. कोहळ्यांनी ते बांधले, शेतकऱ्यांनी त्यावर धान पिकवले आणि ढिवर समाजाने त्यात मासे धरले, शिंगाडा लावला. ढिवर डोंग्यातून जाळे टाकत. एका झाडाचे खोड कोरले की डोंगा तयार. काठाच्या उथळ पाण्यात बायाही मासे धरत. टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, हे कामही त्यांचेच.

मालगुजारी होती तोवर पाळ आणि पाट दुरुस्त करून घेणे मालगुजाराकडे होते. त्यासाठी अंगमेहनत मात्र गावाची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. म्हणूनच त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मालक बदलला, पण रोजची देखभाल कोणी करायची हे मागे पडले. गाळ साचला, काठावर बेशरम माजली.

मासेही बदलले. मरळ, शिंगी यांसारखे गावठी मासे उथळ, वनस्पती असलेल्या पाण्यात आपले आपण वाढतात. नंतर उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडू लागले. हे मासे वजनाला चांगले, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मग दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. पाण्यातल्या वनस्पती गेल्या, तसा गावठी माशांचा आसरा गेला. ज्या घरी बीजाला पैसा नाही, त्या घरच्या ताटातली मासळी कमी झाली.

अलीकडे याच तालुक्यात काही ठिकाणी ढिवर समाजाच्या बाया आणि पुरुषांनी बेशरम उपटून तलावात देवधानासारख्या गावठी वनस्पती पुन्हा लावल्या. काम चिखलात उतरून करायचे, आणि बाया त्यात पुढे होत्या.

पण तलाव मासेमारीला मिळतो तो संस्थेला, आणि हिशेबात बोलायचा हक्क सभासदाला. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढे विचारा: आपल्या गावचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे? मासेमारी संस्थेच्या यादीत किती बायांची नावे आहेत? उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न ग्रामसभेत मांडा. गोष्टीतल्या सात बहिणींचे नाव डोंगरांना मिळाले. चिखलात उतरणाऱ्या बहिणींचे नाव निदान यादीत तरी यायला हवे.