एकल महिला मतदार
एकल महिला मतदार : अविवाहित, विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांचा मतदारवर्ग (पहा : स्त्रीमताधिकार). मुंबई इलाख्यात 1921 मध्ये मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मताधिकार मिळाला. 1935 च्या भारत सरकार कायद्याने पात्र पुरुषाची पत्नी किंवा विधवा असणे हीही पात्रता मानली. अविवाहितेला हा मार्ग बंदच होता. प्रौढ मताधिकाराने ही अट संपली, तरी 1951–52 च्या निवडणुकीपूर्वी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख दिलेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळली गेली. मतमोजणी वैवाहिक स्थितीनुसार होत नाही, म्हणून या वर्गाचे वजन योजनांच्या पात्रता-अटींत शोधावे लागते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत (2024, दरमहा 1,500 रु.) विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रिया आरंभीपासून होत्या, अविवाहितेची भर जुलैमध्ये पडली, तीही कुटुंबात एकीपुरती. स्त्री-मतदारांचा विचार करताना प्रादेशिक फरकही लक्षात घ्यावा लागतो : पुरुषांच्या मुंबईकडील स्थलांतराची जुनी परंपरा असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आहेत (पहा : कोकण, पंचायत राज्य).