अण्णांचा वस्तरा

यंदा आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी जुन्या घरगुती वस्तूंचे प्रदर्शन भरले, तेव्हा अडकित्ते, फिरकीचे तांबे आणि पुरणयंत्रे यांच्या ओळीत मी माझ्या आजोबांचा वस्तरा ठेवला होता. पुष्कळ भगिनींना त्याचे नवल वाटले. “अहो, बायकांच्या प्रदर्शनात हे पुरुषी हत्यार कशाला?” असेही एकीने हसत विचारले. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून स्मरणिकेसाठी हा लेख लिहिण्याचे कबूल केले.

वस्तरा म्हणजे एक पोलादी पाते आणि ते घडी करून ठेवायची मूठ. पाठ जाड, धार केसाहून बारीक. आमच्या वस्तऱ्यावर इंग्लंडातील शेफील्डचा ठसा आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समन याने त्या भागात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि तेव्हापासून शेफील्डच्या पात्यांचे नाव झाले. पुढे जर्मनीतील झोलिंगेनचे वस्तरेही तितकेच नावाजले. पण आपल्याकडे वस्तरा साहेबाबरोबर आला, असे कोणी समजू नये. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, निसणा, कात्री, आरसा, नराणी आणि पाण्याची वाटी पिढ्यान्‌पिढ्या होती. वर्षाकाठी सुगीला धान्य घ्यायचे आणि वर्षभर घरोघर हजामत करायची, असा त्याचा करार.

या कराराचा एक भाग मागील दारी उरकला जाई. तो आता बोलायला हवा. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर काही घरांत नवरा वारला की बाईचे केस उतरवीत आणि पुढे जन्मभर ठरावीक दिवसांनी डोक्यावरून वस्तरा फिरे. सोवळ्यातला स्वयंपाक, देवाचे पाणी, श्राद्धाचे पान हे सारे अशाच बाईच्या हातचे चाले. केस राखलेल्या विधवेच्या हातचे कर्मठ माणसे घेत नसत. आगरकरांनी या चालीवर कोरडे ओढले. १८९० नंतर ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतील यमूच्या केशवपनाने कित्येक घरांत बायका रडल्या असतील.

त्याच १८९० साली मुंबईत एक गोष्ट घडली. सत्यशोधक समाजाचे पुढारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे ठरवले. सुधारकांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली, त्यांचे ऋण आहेच. पण ज्यांच्या हातात हत्यार होते आणि ज्यांची त्यावर मिळकत होती, त्यांनी हात आखडला, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. चाल मात्र एका सभेने थांबली नाही. आमच्या घरात ती आणखी पंचेचाळीस वर्षे चालली.

माझ्या आजोबांना आम्ही अण्णा म्हणत. त्यांची थोरली बहीण आक्का, म्हणजे माझी आक्काआजी, तेराव्या वर्षी माहेरी परत आली, ती कायमची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी न्हावी आला की आधी ओटीवर अण्णांची दाढी आणि मग मागल्या पडवीत आक्काआजी. अण्णांसाठी साबणाचा फेस. तिच्या डोक्याला नुसते गार पाणी.

१९३६ साली जुना न्हावी थकला आणि त्याचा मुलगा कामावर येऊ लागला. दोन-तीन खेपा झाल्यावर तो ओटीवरच अण्णांना म्हणाला, “अण्णा, तुमची दाढी जलमभर करीन, पर आक्कांच्या डोईला ह्यो वस्तरा आता लावायचा न्हाई.” हे मी आजीच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. पितृपक्ष तोंडावर आलेला. अण्णा संतापले, बलुते बंद केले आणि पुण्याहून हा वस्तरा घेऊन आले. दुसऱ्या न्हाव्यानेही आक्काआजीला हात लावायला नकार दिला. त्या वर्षी श्राद्धाचा स्वयंपाक आजीने केला. कोणी जेवायचे थांबले, असे ऐकिवात नाही.

अण्णांना वस्तरा काही साधेना. पाते गालाशी साधारण तीस अंशांत धरावे लागते. जास्त उभे केले की कापते, आडवे केले की नुसते ओढते. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी लागते. पहिला महिनाभर त्यांच्या हनुवटीला तुरटी लावलेली असे. त्यातून ते वस्तरा ओलाच मिटून ठेवीत. साध्या पोलादाला एका रात्रीत गंज धरतो. शेवटी आक्काआजीने तो त्यांच्या हातून काढून घेतला. पस्तीस वर्षे न्हाव्याचे हात तिने जवळून पाहिले होते!

मला आठवते ती १९५७ सालची, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा घातलेली आक्काआजी. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून ती वस्तरा घाशी. “पाठ पुढे, धार मागे,” ती मला सांगे. धार पुढे गेली की पट्टा कापला आणि धारही गेली. टोकाला पोचल्यावर पाते उचलायचे नाही, पाठीवर उलटायचे. वीस-तीस फेरे झाले की डोक्याचा एक केस उपटून त्यावर धार पाही. केस आपोआप तुटला की काम झाले. त्या केसाकडे पाहून ती कधी कधी उगाच हसे. मग कोरड्या फडक्याने पुसून खोबरेलाचे बोट फिरवायचे.

पण पट्ट्याने धार नीट होते, नवी होत नाही. काही महिन्यांनी निसण्यावर पाणी टाकून, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून पाजवावे लागते. ते काम जाणत्याचे. अण्णांनी एकदा प्रयत्न करून पात्याला दाता पाडला. तो अजून दिसतो. तेव्हापासून वर्षातून दोनदा आक्काआजी वस्तरा फडक्यात गुंडाळून मागल्या दाराने माझ्या हाती देई आणि मी तो त्याच न्हाव्याच्या घरी नेत असे. तो पैसे घेत नसे. “आक्का बऱ्या हाईत न्हवं?” एवढेच विचारी. अण्णांना हे ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. संध्याकाळी ते गालावरून हात फिरवीत आणि म्हणत, “आक्के, आज पट्टा बरा ओढलास हो.”