घरपट्टीची तुलना आणि हिशेबाची भाषा

सीमाभागात एप्रिल महिना उजाडला की एक तक्रार हमखास कानी पडते: ‘पलीकडे घरपट्टी कमी, आपल्याच माथी जास्त.’ या तक्रारीत तथ्य किती, हे ठरविण्यापूर्वी दोन्हीकडील आकारणीचा इतिहास पाहावा लागतो.

‘घरपट्टी’ हा शब्द पेशवेकालीन कागदपत्रांत आढळतो. कोल्हापूरकडे तिलाच ‘घरफाळा’ म्हणतात. गोव्यात घरपट्टी हाच शब्द रूढ आहे. कर्नाटकाच्या पावतीवर ‘आस्ति तेरिगे’ असे छापलेले असते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ४९ अन्वये, जमिनी व इमारतींवरील कर हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे सीमा सरकली की आकारणीची पद्धतही बदलते.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव आणि सोलापूर ही दोन्ही शहरे मुंबई राज्यात होती. घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी किती भाडे येईल, या अंदाजावर तेथे कर बसे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत भाडेमूल्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. भाडेनियंत्रणामुळे जुन्या वाड्यांचा कर अल्प राहिला आणि नव्या घरांवर भार पडला. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्य स्वीकारले आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी दिली. कर्नाटकाने २००२ च्या सुमारास बेंगळूरुबाहेरील शहरांत भांडवली मूल्यावर आधारित स्वयं-आकारणी आणली. तेथे आकारणीचा पाया मुद्रांक खात्याच्या मार्गदर्शक दराशी बांधलेला असतो. एका बाजूस भाडे आणि दुसऱ्या बाजूस जमिनीचा भाव असे पाया भिन्न असताना केवळ पावतीवरील आकडे शेजारी ठेवून न्यायनिवाडा करता येत नाही.

खरा प्रश्न ‘स्वयं-आकारणी’ या शब्दात दडला आहे. पूर्वी पालिकेचा कर्मचारी आकारणी करी आणि मालक हरकत घेई. आता क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, इमारतीचे वय हे सारे मालकाने स्वतः जाहीर करावयाचे असते. ज्याला नमुन्याची भाषाच वाचता येत नाही, तो स्वयं-आकारणी करणार कशी? तो मध्यस्थाला पैसे देतो, किंवा सांगतील तेथे सही करतो. हा छुपा भार कोणत्याही तुलनातक्त्यात दिसत नाही.

१९५६ मध्येच केंद्रीय गृहमंत्रालयाने भाषिक अल्पसंख्याकांविषयी काढलेल्या निवेदनात, जेथे त्यांची लोकसंख्या १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, अशी अपेक्षा नोंदविली आहे. घटनेचे कलम ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. हाच न्याय जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही लागू व्हावयास हवा. आपली मागणी त्यामुळे दुबळी होत नाही, उलट भक्कम होते.

घरपट्टी कमी करा, ही मागणी ज्याने त्याने आपल्या पालिकेकडे जरूर करावी. परंतु नमुना, नोटीस आणि पावती मराठीतही द्या, ही मागणी आपण सर्वांनी मिळून, लेखी आणि मराठीतच करावयास हवी. कर देणाऱ्याला आपला हिशेब आपल्या भाषेत वाचता यावा, यापेक्षा अधिक काही आपण मागत नाही.